पाठविले ते पोचले का?

श्रोतेहो, आणि विशेषेकरून खेडोपाडी शाळा चालविणाऱ्या शिक्षक बंधुभगिनींनो,

आज मला तुमच्याशी एका पाठवणीविषयी बोलायचे आहे. आपल्या संगणकातील फाईल दूरच्या दुसऱ्या संगणकाकडे कशी धाडावी, आणि ती तिथे धडपणे पोचली हे कसे ओळखावे, हा आजचा विषय. विषय नवा, शब्दही परके. तेव्हा आपण तो ओळखीच्या जागी नेऊन पाहू.

राजापूर तालुक्यातील नाटे हे गाव तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. यशवंतगडाचा किल्ला, खाडी, साखरीनाट्याचे मासळी बंदर, जवळच जैतापूर आणि मुसाकाजी. या खाडीने शेकडो वर्षे मालाची ने-आण पाहिली आहे. राजापूर ही मोठी पेठ, पण ती खाडीच्या आत. मोठे गलबत तिथवर जाऊ शकत नसे. ते खाडीच्या तोंडाशी थांबे, माल लहान होड्यांत उतरे आणि भरतीच्या पाण्याबरोबर वर राजापूरला जाई. आता अशा व्यवहारात व्यापारी कशाकशावर नजर ठेवील? माल कोणाच्या हाती दिला? वाटेत कोणी गाठोडे उघडले नाही ना? किती नग दिले आणि किती उतरले? आणि जे उतरले ते जसेच्या तसे आहे ना? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की तो निर्धास्त. फाईल पाठवितानाही हेच चार प्रश्न असतात.

तुम्ही म्हणाल, आमच्या शाळेला हा उद्योग हवा कशाला? सरकारला लागणारी माहिती आम्ही संकेतस्थळावर भरतोच की! भरता, हे खरे. पण शाळेच्या कपाटातील ते जाड रजिस्टर एकदा डोळ्यांपुढे आणा. कोणी त्याला जनरल रजिस्टर म्हणतात, कोणी दाखलखारीज. मुलाचे नाव, जन्मतारीख, जात, शाळेत आल्याचा दिवस, शाळा सोडल्याचा दिवस. हे रजिस्टर कायम जपून ठेवायचे असते. मुंबईस गेलेल्या कुटुंबातील कोणी पन्नास वर्षांनी गावी येतो आणि नातवाच्या जातपडताळणीसाठी आजोबांच्या नोंदीचा उतारा मागतो. पान शाबूत असेल तर त्याचे काम होते. ते पान वाळवीने खाल्ले असेल, तर त्या माणसाने जावे कुठे?

कोकणातील पाऊस आणि दमट हवा कागदाला किती मानवते, हे मी तुम्हांला सांगायला नको. त्यात अलीकडच्या वर्षांची भर. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आले आणि जिल्ह्याच्या उत्तर भागात हजारो छपरे उडाली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याकिनाऱ्याने गेले. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळुणात पुराचे पाणी घराघरांत आणि दुकानांत शिरले, आणि तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथांचीही मोठी हानी झाली. वादळ आणि पूर कागदाला सोडीत नाहीत, तसे संगणकालाही सोडीत नाहीत. म्हणून रजिस्टरची पाने स्कॅन करून शाळेच्याच संगणकात ठेवली, म्हणजे काम अर्धेच झाले. मूळ कपाटात आणि नक्कल त्याच कपाटाशेजारच्या टेबलावर! पाणी आले तर दोन्ही एकाच वेळी जातील. नक्कल दूर पाहिजे. दुसऱ्या गावी, दुसऱ्या जिल्ह्यात असली तर आणखी उत्तम.

दूरच्या ज्या संगणकावर आपण ही नक्कल ठेवतो, त्याला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर म्हणजे दुसऱ्यांच्या मागण्या ऐकण्यासाठी रात्रंदिवस चालू ठेवलेला संगणक; यापलीकडे त्यात जादू नाही. दोन संगणकांनी फाईलची देवघेव कशी करावी, याचे नियम मात्र आधी ठरलेले असावे लागतात. हे नियम प्रथम लिहून काढणारा गृहस्थ भारतीय होता. अभय भूषण हे त्यांचे नाव. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतून ते १९६५ साली बाहेर पडले आणि अमेरिकेत एमआयटीमध्ये गेले. तिथे असताना १६ एप्रिल १९७१ रोजी त्यांनी फाईल पाठविण्याच्या नियमांचा मसुदा मांडला. त्यालाच पुढे एफटीपी हे नाव रूढ झाले. पुढच्या काळात त्यात सुधारणा होत गेल्या आणि १९८५ साली त्याला जे रूप मिळाले, ते दीर्घकाळ चालले.

या एफटीपीची एक गंमत पाहा. त्यात दोन वाटा असतात. एका वाटेने फक्त बोलणे चालते: मी अमुक, माझा पासवर्ड तमुक, ही फाईल घे. दुसऱ्या वाटेने माल जातो. व्यवस्था नामी होती, पण ती ज्या काळात जन्मली तेव्हा जगातील थोडेच संगणक एकमेकांना जोडलेले होते, आणि ते चालविणारे लोक बहुधा परस्परांच्या ओळखीचे. त्यामुळे पासवर्ड आणि माल दोन्ही उघडेच जात. पोस्टकार्डावर पेटीच्या कुलपाचा आकडा लिहून पाठवावा, तसा प्रकार. वाटेत ज्याच्या हाती पडेल, त्याने वाचावे.

१९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कोणी तरी असेच वाटेत बसून पासवर्ड टिपून घेतले. तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच नावाची पद्धत तयार केली. हिच्यात दोन्ही संगणक आधी आपापसांत एक गुप्त खूण ठरवितात, आणि मग जे काही बोलतात ते त्या खुणेने झाकलेले असते. वाटेत कोणी पाहिले तरी त्याला निरर्थक अक्षरांखेरीज काही दिसत नाही. याच झाकलेल्या वाटेवरून फाईल नेण्याची जी रीत आहे, तिला एसएफटीपी म्हणतात. नावात एका अक्षराचाच फरक, पण पहिली पोस्टकार्ड आणि दुसरी लाखबंद पाकीट. योगायोग असा, की त्याच १९९५ सालच्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. आज मुलांच्या नोंदी पाठवायच्या असतील, तर जुनी उघडी एफटीपी वापरूच नये, एवढे मनाशी पक्के धरा.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. एक-दोन फाईली असतील तर त्या हाताने पाठविता येतात; त्यासाठी तयार प्रोग्रॅम मिळतात, डावीकडची फाईल ओढून उजवीकडे टाकली की झाले. पण दोनशे पानांचे रजिस्टर असेल, अशी पाचसहा रजिस्टरे असतील आणि दरवर्षी त्यात भर पडणार असेल, तर हाताने काम करणारा कुठे ना कुठे चुकतो. दुपारी शाळा सुटायच्या वेळी एकशे सदतिसावे पान राहून जाते, आणि नेमके तेच पान वीस वर्षांनी कोणाला तरी हवे असते. म्हणून हे काम संगणकाला सांगावे. सांगायचे कसे? तर लायब्ररीच्या मदतीने.

इथे लायब्ररी म्हणजे आपले वाचनालय नव्हे, बरे का! कोणा जाणकाराने आधीच लिहून, तपासून ठेवलेल्या आज्ञांचा संच, त्याला प्रोग्रॅम लिहिणारे लायब्ररी म्हणतात. ती सुताराच्या हत्यारपेटीसारखी असते. सुतार खुर्ची करताना रंधा नव्याने घडवीत बसत नाही. पेटीतून काढतो आणि कामाला लागतो. गुप्त खूण ठरविण्याचे अवघड गणित त्या लायब्ररीत आधीच केलेले असते. आपण फक्त म्हणायचे, जोडणी कर, ही फाईल ठेव, बंद कर.

पायथन ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा आता पुष्कळ शाळा-महाविद्यालयांतील मुले शिकतात. त्या भाषेसाठी पॅरामिको नावाची एक लायब्ररी आहे. रोबी पॉइंटर यांनी ती २००३ च्या सुमारास सुरू केली. ती फुकट मिळते आणि तिचा मजकूर कोणालाही वाचता येतो. तिचे नाव एस्परांतो या जुळविलेल्या भाषेतील दोन शब्दांवरून केले आहे. एक शब्द संशयी आणि दुसरा मित्र. संशयी मित्र! फाईल पाठविण्याच्या कामात असाच मित्र हवा.

या लायब्ररीच्या आधारे लिहावयाचा प्रोग्रॅम दहा-पंधरा ओळींचा असतो. पहिल्या ओळीत लायब्ररी बोलवायची. मग सर्व्हरशी जोडणी करायची. मग एसएफटीपीची वाट उघडायची. मग स्कॅन केलेल्या पानांची यादी घेऊन एकेक पान 'पुट' या आज्ञेने पलीकडे ठेवायचे. शेवटी वाट बंद करायची. परत आणण्यासाठी 'गेट' ही आज्ञा. बारावीचा हुशार विद्यार्थी एका संध्याकाळी एवढे लिहील. पण प्रोग्रॅम चालला म्हणजे काम झाले, असे समजू नका. आपले ते चार प्रश्न अजून शिल्लक आहेत. त्यांची उत्तरे एकेक करून घेऊ.

पहिला प्रश्न: माल कोणाच्या हाती दिला? प्रत्येक सर्व्हरची स्वतःची एक ओळख असते, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. आपला प्रोग्रॅम प्रथमच जोडणी करतो तेव्हा हा ठसा त्याच्या ओळखीचा नसतो. पॅरामिकोचा मूळ स्वभाव असा, की अनोळखी ठसा दिसला तर जोडणीच नाकारायची. नवशिक्याला याचा त्रास वाटतो. मग तो कुठून तरी तयार नमुना उतरवून घेतो, आणि त्या नमुन्यात बहुधा 'ऑटो ॲड पॉलिसी' अशी एक ओळ असते. तिचा अर्थ काय? जो कोणी समोर उभा असेल, त्याला आपलाच मानून घे! बंदरावर डोक्याला फेटा बांधून कोणी उभा राहिला आणि आपण त्याच्या हाती गाठोडे दिले, तर वाटेवरच्या लाखबंद पाकिटाचा उपयोग काय? म्हणून सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून त्याचा ठसा आधी फोनवर किंवा कागदावर मागून घ्यावा, ताडून पाहावा आणि मगच ओळखीच्या यादीत घालावा. हे एकदाच करावे लागते.

दुसरा प्रश्न: वाटेत कोणी उघडले नाही ना? ती काळजी एसएसएच वाहते. पण घरचीच किल्ली दाराला लटकत ठेवली तर ती तरी काय करणार? प्रोग्रॅमच्या ओळीतच पासवर्ड लिहून ठेवण्याची सवय फार वाईट. तो प्रोग्रॅम उद्या दुसऱ्या शाळेला नमुना म्हणून दिला, की पासवर्डही गेला. त्याऐवजी किल्लीची जोडी वापरावी. या जोडीतला एक भाग कुलुपासारखा, तो सर्व्हरला द्यायचा. दुसरा भाग किल्लीसारखा, तो आपल्या संगणकाबाहेर जाऊ द्यायचा नाही, आणि त्यालाही स्वतंत्र परवलीचा शब्द ठेवायचा. मुख्याध्यापक बदलले, तर जुने कुलूप काढून नवे बसवायचे.

तिसरा प्रश्न: किती नग दिले, किती उतरले? इथे पॅरामिको थोडी मदत करते. फाईल ठेवून झाली, की ती आपण होऊन पलीकडच्या फाईलचा आकार विचारते आणि पाठविलेल्याशी जुळतो का ते पाहते. जुळला नाही तर चूक म्हणून थांबते. पण एकूण पाने मोजण्याचे काम आपलेच. म्हणून पानांची एक यादी करावी आणि ती सर्वांत शेवटी पाठवावी. यादी पोचलेली दिसली, म्हणजे तिच्या आधीचे सर्व काही गेले असे समजावे. आणखी एक जुनी, चांगली रीत आहे. पान जात असताना त्याला तात्पुरते नाव द्यायचे, आणि पूर्ण पोचल्यावरच खरे नाव द्यायचे. मध्येच वीज गेली तर अर्धवट पान तात्पुरत्या नावानेच पडून राहील. ते पुरे आहे असा भ्रम कोणाला होणार नाही.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: जे उतरले ते जसेच्या तसे आहे का? आकार जुळला म्हणजे मजकूर जुळलाच, असे नाही. तांदळाचे पोते वजनात बरोबर भरले, तरी आत तांदूळच आहे ना हे उघडून पाहावे लागते. त्यासाठी पायथनमध्येच एक सोय आहे. ती कोणत्याही फाईलचा ६४ खुणांचा एक ठसा काढून देते. फाईलमध्ये एक ठिपका जरी बदलला, तरी हा ठसा ओळखू न येण्याइतका बदलतो. प्रत्येक पानाचा ठसा आपल्या यादीत त्याच्या नावापुढे लिहावा. मग पाठविलेली पाने 'गेट' आज्ञेने वेगळ्या जागी परत आणावी, पुन्हा ठसा काढावा आणि यादीशी ताडावा. जुळला, तर आता खुशाल म्हणा, पोचले.

आता थोडे व्यवहाराचे. स्कॅन केलेले एक पान साधारण १ मेगाबाईटचे धरू. २०० पानांचे रजिस्टर म्हणजे २०० मेगाबाईट. पाठविण्याचा वेग सेकंदाला २ मेगाबिट मिळाला, तर हे रजिस्टर तेरा-चौदा मिनिटांत जाते. वेग अर्ध्या मेगाबिटावर आला, तर पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो. मेगाबाईट आणि मेगाबिट यांत आठपटीचा फरक आहे, हे विसरू नका. वेगाची जाहिरात बिटांत असते आणि फाईल बाईटांत मोजतात. 'पुट' आज्ञा मध्येच तुटली, तर ती फाईल पुन्हा पहिल्यापासून पाठवावी लागते. म्हणून सर्व पानांचे एकच मोठे गाठोडे न बांधता पाने सुटी पाठवावी. आपल्या खाडीतही माल लहान होड्यांनीच वर जाई. एक होडी अडली तरी बाकीच्या पोचत. प्रोग्रॅमने यादी पाहून गेलेली पाने सोडावी आणि राहिलेली उचलावी, अशी एक ओळ त्यात घालून घ्या. आणि स्कॅनचे काम मे महिन्याच्या सुट्टीत उरकावे. पावसाळ्यात विजेचा आणि नेटवर्कचा भरवसा किती, हे तुम्ही जाणताच.

आपल्या मराठीचीही एक अडचण सांगतो. जुन्या फाईली शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या अक्षरसंचांत लिहिलेल्या असतात. अशी फाईल एका ठिपक्याचाही फरक न होता पोचते, ठसाही जुळतो, आणि पलीकडे उघडली की भलतीच अक्षरे दिसतात! फाईल बिघडलेली नसते. ती वाचायला लागणारा अक्षरसंच तिथे नसतो. म्हणून याद्या आणि मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. फाईलचे नाव मात्र साधे ठेवावे: रजिस्टरचा क्रमांक, वर्ष, पानाचा क्रमांक. पानाचा आकडा तीन अंकी लिहावा, म्हणजे ००७ नंतर ००८ येईल आणि क्रम मोडणार नाही. मुलाचे नाव फाईलच्या नावात कधीही घालू नये.

आणि हा शेवटचा मुद्दा नीट ऐका. एसएफटीपी फक्त वाटेवर राखण करते. माल एकदा वखारीत गेला, की वखारदार तो पाहू शकतो. रजिस्टरात मुलांची जन्मतारीख आहे, जात आहे, आईबापांची नावे आहेत. २०२३ साली आपल्या देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यातही मुलांच्या माहितीबद्दल वेगळी काळजी सांगितली आहे. तेव्हा कोणी ओळखीचा म्हणाला, माझ्या सर्व्हरवर जागा आहे, म्हणून नोंदी तिकडे धाडू नका. संस्थेची किंवा शिक्षण विभागाची लेखी परवानगी घ्या. सर्व्हर कोणाचा, तिथे कोणाकोणाला पाहता येते, हे कागदावर घ्या. एक नक्कल वेगळ्या डिस्कवर काढून दुसऱ्या इमारतीत कुलूपबंद ठेवा. आणि मूळ रजिस्टर टाकून देऊ नका; पुरावा म्हणून अखेर मूळच पाहिले जाते. नक्कल ही मूळ हरवले तर दिवा लावण्यापुरती.

हे सगळे एकट्या शिक्षकाने करावे, असे माझे म्हणणे नाही. गावात संगणक शिकणारी मुले-मुली आहेत, त्यांना बोलवा. प्रोग्रॅम त्यांनी लिहावा, पण प्रत्येक ओळ काय करते ते त्यांच्याकडून समजून घ्या. 'ही ओळ का?' असे विचारल्यावर 'सगळे असेच लिहितात' असे उत्तर आले, तर ती ओळ पुन्हा तपासायला सांगा. सरावासाठी खऱ्या नोंदी देऊ नका. कोऱ्या कागदावर आकडे लिहून तेच स्कॅन करा आणि पाठवा. दहा पाने पाठवून, परत आणून, ठसे जुळवून दाखविले, की मग खऱ्या रजिस्टरला हात लावा.

आणि दरवर्षी शाळा सुरू होताना जूनमध्ये एक काम नेमाने करा. कोणतीही पाच पाने निवडा आणि दूरच्या सर्व्हरवरून ती परत आणून पाहा. उघडतात का? वाचता येतात का? ठसा यादीशी जुळतो का? जी नक्कल कधी परत आणून पाहिलेलीच नाही, तिच्या भरवशावर कोणाचा दाखला अवलंबून ठेवता येत नाही. पाच पानांना पाच मिनिटे लागतील. त्या पाच मिनिटांची तारीख आणि निकाल शाळेच्या वहीत लिहून ठेवा, खाली मुख्याध्यापकांची सही घ्या, म्हणजे तुमच्यानंतर येणाऱ्या शिक्षकालाही तो पाठ आपोआप मिळेल.